चिमूटभर भुकटी, पेलाभर पाणी



कृषिप्रदर्शनात एक देखावा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मंडपात मेजावर काचेचा पेला ठेवलेला असतो. विक्रेता त्यात साखरेसारखी दिसणारी चिमूटभर भुकटी टाकतो, वर बाटलीतले पाणी ओततो, थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो आणि मग पेला एकदम उलटा धरतो. थेंबही खाली पडत नाही. शिजलेल्या साबुदाण्यासारखा लगदा पेल्यात थिजून बसलेला असतो. भोवतीची माणसे तोंडात बोट घालतात, आणि विक्रेता म्हणतो, "ही भुकटी रानात टाका आणि दुष्काळ विसरा."

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हे वाक्य ऐकून ज्याचा हात खिशाकडे जाणार नाही असा शेतकरी विरळाच. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी कळत्या वयात पाहिला ते आज आजोबा झाले आहेत. पण २०१२-१३ आणि २०१५-१६ ही साले तर आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत गेली. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पाणी धरून ठेवणारी भुकटी म्हटली की आपण ऐकणारच.

आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ती ऐकली. माळावरच्या मुरमाड रानात त्यांना सीताफळाची रोपे लावायची होती. त्यांनी पिशवी आणली, खड्ड्याखड्ड्यांत भुकटी मिसळली, वरून बोअरचे पाणी सोडले आणि दुसऱ्या दिवशी एक खड्डा उकरून पाहिला. मग मला निरोप आला: "तू कालेजात शिकवतोस न्हवं? मग सांग बाबा. तिथं पेला भरून फुगलं, आन् हितं फुगंना झालंय. काय भानगड हाय ही?"

मी भूगोल शिकवतो. रसायनशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण तात्यांना 'माहीत नाही' असे सांगण्याची आमच्या घरात प्रथा नाही. तेव्हा मी पुस्तके काढली, जाणत्या सहकाऱ्यांना विचारले, आणि जे समजले ते तात्यांना सांगितले. तेच आज तुम्हांला सांगतो.

ही भुकटी म्हणजे एक पॉलिमर आहे. मराठीत त्याला बहुवारिक म्हणतात. एकसारखे छोटे रेणू माळेतल्या मण्यांसारखे एकापुढे एक जोडले गेले की जो लांबच लांब रेणू तयार होतो तो बहुवारिक. हे काही परदेशी अप्रूप नाही. आपल्या शाळूच्या दाण्यातले पिष्ट हे बहुवारिकच आहे. कापसाचा धागा बहुवारिक, रेशीम बहुवारिक, आणि खताचे रिकामे पोतेही बहुवारिकच. मग पोते पाणी पीत नाही आणि ही भुकटी शेकडोपट पाणी पिते, हा फरक कशाने पडतो? माळेत मणी कोणते घातले आहेत, आणि त्या माळा एकमेकींशी कशा बांधल्या आहेत, याने. ही बांधणी डोळ्यांना दिसत नाही, शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. तिचे माप नॅनोमीटरमध्ये सांगावे लागते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपले नख दर सेकंदाला साधारण एवढेच वाढते. म्हणजे मी 'तात्या' हा शब्द उच्चारीपर्यंत तुमचे नख जेवढे वाढले असेल, तेवढ्या मापावर ही सगळी कारागिरी चालते.

आता ही बांधणी डोळ्यांसमोर आणा. कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या दोऱ्यांचा एक गुंता घ्या. दोऱ्या पुष्कळ लांब आहेत आणि मधूनमधून एकमेकींना आडव्या गाठी मारलेल्या आहेत. प्रत्येक दोरीवर ठरावीक अंतरावर ऋण विद्युतभार असलेले ठिपके आहेत, आणि त्यांच्याजवळ सोडियमचे किंवा पोटॅशियमचे धन भाराचे कण आहेत. भुकटी कोरडी असते तेव्हा हा सगळा गुंता आवळून बसलेला असतो. पाणी आत शिरले की धन कण मोकळे होऊन पाण्यात फिरू लागतात. पण ते गुंत्याबाहेर निघून जाऊ शकत नाहीत, कारण दोरीवरचे ऋण ठिपके त्यांना ओढून धरतात. ऋण ठिपके मात्र एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून दोऱ्या ताणल्या जातात. बाहेरच्या स्वच्छ पाण्यात क्षार नाहीत आणि आतल्या पाण्यात ते दाटले आहेत, म्हणून बाहेरचे पाणी आत धावते. गाठी नसत्या तर दोऱ्या सुट्या होऊन विरघळून गेल्या असत्या. गाठी फार असत्या तर गुंता फुगलाच नसता. गाठी बेताच्या मारणे, हीच त्यातली खरी विद्या.

आत क्षार जास्त आणि बाहेर कमी असतील तर पाणी आत जाते. मग उलट झाले तर? याचे उत्तर शिकवायला प्राध्यापकाची गरज नाही. ते प्रत्येक घरातल्या गृहिणीला ठाऊक आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की काही वेळाने पातेल्यात पाणी सुटते. मीठ बाहेर, म्हणून पाणी बाहेर. या भुकटीचेही तसेच आहे. फुगलेल्या लगद्यावर चमचाभर मीठ टाकून ढवळा. घट्ट बसलेला लगदा पाहता पाहता पातळ होतो. शुद्ध पाण्यात शेकडोपट फुगणारी ही द्रव्ये शेकडा एक टक्क्याच्या आसपास मिठाच्या पाण्यात जेमतेम तीस ते पन्नास पटींवर येतात.

आणि तात्यांच्या बोअरचे पाणी कसले? खडकातून झिरपलेले, जड. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि हंड्याच्या तळाला पांढरा थर बसतो. तो थर मुख्यतः कॅल्शियमच्या क्षारांचा. साध्या मिठातल्या सोडियमपेक्षा हा कॅल्शियम अधिक खट्याळ आहे. त्याच्यावर धन भार दुप्पट असल्यामुळे तो एकाच वेळी दोन ऋण ठिपके पकडतो, आणि ते दोन निरनिराळ्या दोऱ्यांवर असले तर दोन्ही दोऱ्या बांधून टाकतो. म्हणजे कारखान्यात मोजून मारलेल्या गाठींत बोअरचे पाणी आपल्या पदरच्या गाठी घालते. त्या सहजासहजी सुटतही नाहीत. वारंवार जड पाणी दिले की भुकटीची ताकद कायमची उतरत जाते. प्रदर्शनातल्या बाटलीत पाणी शुद्ध होते आणि तात्यांच्या खड्ड्यात जड. भानगड म्हणतात ती एवढीच होती. शिवाय पेल्यात भुकटीवर कसले ओझे नव्हते, खड्ड्यात मात्र मातीचा भार होता. दडपणाखाली कोण फुगणार?

ही भुकटी म्हणजे निव्वळ फसवणूक, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. तिच्यामागे मोठे शास्त्र आहे आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतल्या पिओरिया गावी तेथील कृषिखात्याची एक प्रयोगशाळा आहे. मक्याचा वापर वाढावा म्हणून तेथील शास्त्रज्ञांनी मक्याच्या पिष्टाच्या माळेवर दुसऱ्या कृत्रिम बहुवारिकाच्या फांद्या चढवल्या, आंब्याच्या कोयीवर हापूसचे कलम चढवतात तशा. १९७० च्या दशकात त्यातून हे पाणी पिणारे द्रव्य जगापुढे आले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात असेच एक द्रव्य तयार केले आणि त्याला नाव दिले 'जलशक्ती'. नाव ऐकूनच कळते की ते करणाऱ्यांच्या मनात कोरडवाहू शेतकरी होता.

पाषाण रस्त्यावरची ही प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे साबणाच्या अभ्यासाबद्दल जगभर प्रसिद्ध होते. साबणाच्या रेणूला एक पाण्याची आवड असलेले डोके आणि एक तेलाची आवड असलेली शेपटी असते. पाण्यात असे रेणू पुरेसे झाले की कोणी न सांगता ते शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून लहान लहान झुबक्यांनी गोळा होतात. मॅकबेन यांनी ही कल्पना मांडली तेव्हा शतक नुकतेच उजाडले होते, आणि जाणत्यांनाही ती चटकन पटली नव्हती. तो झुबका काही नॅनोमीटरचाच असतो. आज ज्याला नॅनोरचना म्हणून मोठ्या मानाने संबोधतात, ती तुमच्या-आमच्या घरी धुण्याच्या बादलीत रोज तयार होत आली आहे.

यातच या विद्येचे मर्म आहे. सुतार लाकूड तासून खुर्ची करतो. परंतु एवढ्या बारीक मापावर तासायला हत्यार कुठून आणणार? तेथे रेणूच असा निवडावा लागतो, की त्याला मोकळा सोडला तरी तो आपणहून हव्या त्या जागी जाऊन बसेल. पंगतीत पाट कसे मांडायचे एवढे यजमान ठरवतो. माणसे आपोआप रांगेत बसतात, तसे.

याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. पुण्याच्या याच प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि त्यांचे सहकारी अशा जलधारी बहुवारिकांवर वर्षानुवर्षे काम करीत होते. माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे. पुढे ते याच प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्या गटात काम केलेल्या डॉ. शायनी वर्गीस पुढे अमेरिकेत सॅन दिएगो येथील विद्यापीठात गेल्या. २०१२ साली त्यांनी, माशेलकर, लेले आणि इतरांसह, एक विलक्षण लगदा जाहीर केला. त्याची वडी सुरीने कापावी आणि दोन्ही तुकडे आम्ल पाण्यात एकमेकांना टेकवावेत. काही सेकंदांत ते पुन्हा जुळतात. आम्ल काढून घेतले की पुन्हा सुटे होतात. ही जादू नव्हे, मापाचा हिशेब आहे. बहुवारिकाच्या मुख्य दोरीला बाजूने लोंबणारे छोटे हात ठेवलेले आहेत. हात आखूड पडला तर समोरच्या तुकड्यातल्या हातापर्यंत पोचत नाही. फार लांब झाला तर शेजारच्याच हातात गुरफटून बसतो, आणि पाण्यापासून अंगही चोरतो. बेताच्या लांबीचा हात तेवढा पलीकडच्या हाताला जाऊन धरतो. दोन-चार कार्बन अणू अधिक की उणे, यावर तुटलेले जुळणार की नाही हे ठरते. एवढा नेमकेपणा त्या मापावर साधावा लागतो.

असो. प्रयोगशाळेतून पुन्हा रानात येऊ, कारण तात्यांचा दुसरा प्रश्न अजून बाकी आहे: "बरं, पावसाचं पाणी घावलं, ते चांगलं. मग एकरभर टाकू का?"

इथे पाटी-पेन्सिल घेऊन बसावे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा हायड्रोजेल' नावाचे असेच द्रव्य तयार केले आहे. ते स्वतःच्या वजनाच्या निदान साडेतीनशेपट पाणी धरते आणि एकरी साधारण एक ते दोन किलो वापरावे असे सांगतात. दोन किलो गुणिले साडेतीनशे म्हणजे सातशे किलो, अर्थात सातशे लिटर पाणी. ऐकायला भरपूर वाटते. पण सातशे लिटर म्हणजे दोनशे लिटरची साडेतीन पिंपे. आता एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर चार हजार लिटर पाणी पडते. तेव्हा दोन किलो भुकटी पूर्ण फुगूनसुद्धा एकरभरात धरते ते पाणी एक मिलिमीटर पावसाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. अंगावरचा सदरा भिजायलाही तो पाऊस पुरायचा नाही! ती पुन्हा पुन्हा भरते आणि रिकामी होते, धरलेले बहुतेक पाणी मुळांना देऊन टाकते, हे खरे. पण एकरभर भिरकावून दुष्काळ विसरता येईल, हे गणितात बसत नाही. शिक्षक मित्रांनी हे उदाहरण सातवी-आठवीच्या वर्गात जरूर घालावे. मुलांना ते कळेल, आणि मुले घरी जाऊन वडिलांना सांगतील.

मग हिचा उपयोग कुठे? जेथे थोडे पाणी नेमक्या जागी आणि नेमक्या वेळी हवे असते तेथे. पेरणीच्या ओळीत, बियाण्याच्या कुशीत ती पडली, तर उगवण होऊन पावसाने आठ-पंधरा दिवस ओढ दिली तरी कोंभाला आधार मिळतो. झाडाच्या खड्ड्यात मुळांजवळ मातीत नीट मिसळली तर दोन पाण्यांमधले अंतर थोडे वाढवता येते. रोपवाटिकेच्या पिशव्यांत ती चांगली कामाला येते. आणि हलक्या जमिनीत तिचा गुण अधिक दिसतो. भूम, वाशी, कळंबकडच्या बालाघाटाच्या माथ्यावर मुरमाची पातळ रानेच पुष्कळ आहेत. पाणी पडले की खाली निसटते. तेथे तिचा विचार करावा.

काळ्या रानाची गोष्ट मात्र वेगळी, आणि भूगोलाचा शिक्षक म्हणून इथे मी थोडा रेंगाळणार आहे. आपली काळी माती ज्या चिकणमातीच्या खनिजाने बनलेली आहे त्याचे कण म्हणजे पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले पापुद्रे असतात. एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा! पावसाळ्यात पाणी या पानांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून जाते आणि रानाला पाय अडकेल अशा भेगा पडतात. आपण ज्याला चोपण, चिकट म्हणून नावे ठेवतो, ती नॅनोरचना निसर्गाने बेसॉल्ट खडक झिजवून आपल्या बांधावर आणून ठेवली आहे. मीटरभर खोल काळे रान पिकाला उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात ठेवू शकते. आमचा रब्बीचा शाळू केवळ त्या ओलीवर येतो. अशा रानात दोन किलो भुकटी टाकणे म्हणजे भरल्या विहिरीत तांब्या ओतणे.

आणि हीच माती जगाने किती मोलाची मानली पाहा. जपानमध्ये टोयोटा कंपनीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात याच जातीच्या चिकणमातीची पाने सुटी करून नायलॉनमध्ये पसरवली. मातीचे प्रमाण शेकडा पाच टक्क्यांच्या आसपास, पण नायलॉन पूर्वीपेक्षा ताठ झाले आणि उष्णतेलाही अधिक टिकले. त्याचे भाग मोटारींच्या इंजिनांत बसले.

विकत घेण्यापूर्वी काय करावे, ते आता सांगतो. दोन पेले घ्या, अर्ध्या लिटरचे. एकात पावसाचे धरून ठेवलेले पाणी भरा, दुसऱ्यात तुमच्या बोअरचे किंवा विहिरीचे. दोन्हींत एकेक ग्रॅम भुकटी टाका. सोनाराचा काटा नसला तर शाळेचा चालेल. दोन-तीन तास ठेवा, मग पातळ फडक्यातून गाळा आणि लगदा वजन करून पाहा. पहिल्याचे वजन विक्रेत्याचा दावा खरा की खोटा ते सांगेल. दुसऱ्याचे वजन तुमच्या रानात काय होणार ते सांगेल. पैसे द्यायचे ते दुसऱ्या वजनाकडे पाहून. भुकटी सोडियमची की पोटॅशियमची हेही पिशवीवर वाचावे. जमिनीत सोडियम वाढलेले बरे नव्हे. लहान बाळांच्या लंगोटात घालतात ती भुकटी बहुधा सोडियमचीच असते. वर्गातल्या प्रयोगाला ती ठीक, रानात नको. कोरडी भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नये, आणि लगदा मोरीत ओतू नये, नळी तुंबते. आणखी एक. यातला पिष्टाचा भाग मातीतले जिवाणू खातात, पण कृत्रिम भाग फार सावकाश मोडतो. तेव्हा दरवर्षी डोळे मिटून टाकत राहणे योग्य नव्हे. कुजलेले शेणखतही पाणी धरते आणि शिवाय जमीन सुधारते. माझ्यापुढे दोन्हींतून एकच निवडायचा प्रसंग आला तर मी शेणखत निवडीन, हेही उघडच सांगतो.

तात्यांनी हा प्रयोग केला. पावसाचे पाणी त्यांनी पत्र्याच्या पन्हाळीखाली घागर लावून धरले होते. एक लगदा घागरीच्या पाण्यातला, दुसरा बोअरचा. दोन्ही वाणसौद्याच्या दुकानात नेऊन काट्यावर घातले. दुसरा पहिल्याच्या निम्म्यालाही आला नाही. त्यानंतर त्यांनी उरलेली भुकटी पावसाच्या पाण्यात आधी फुगवून घेतली, तो लगदा शेणखतात कालवला आणि जूनच्या दुसऱ्या पावसानंतर राहिलेल्या खड्ड्यांत भरला. शेजाऱ्याने विचारले तर ते त्याला पिशवीचे नाव सांगत नाहीत. आधी पन्हाळीखाली घागर लाव, म्हणून सांगतात.